टिपकागद

मे महिन्यात मी चारचौघींसारखी असते.
सेहेचाळीस डिग्रीत कोण कोणाचे तळवे बघतं?
कूलरच्या फवाऱ्यात, रसवंतीच्या बाकड्यावर
सगळं नागपूर गळत असतं, त्यात मीही.
खरी पंचाईत डिसेंबरात.
लोक शेकोटीशी हात चोळत बसतात
आणि माझ्या बोटांवरून एक थेंब
कोपरापर्यंत चालत येतो,
न बोलावता, ओळखीच्या माणसासारखा.

बाबांच्या मागावर मला बसू दिलं नाही कधी.
टसरला डाग पडतो.
गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत
पोट्ट्या सातव्या वर्षी कांड्या भरत.
मी भरलेली कांडी मात्र उन्हात ठेवावी लागे.
"हिले शाळेत घाला," आत्या म्हणाली,
"इथं सूत नासवून राहिली."
तर असं. शिकले ते घामाच्या कृपेनं.

शाळेत उत्तरपत्रिकेवर टिपकागद, त्यावर हात.
भूमी अभिलेखात नकाशावर टिपकागद, त्यावर हात.
सक्करदऱ्याकडचा एक नाला
एकदा माझ्या तळव्याखाली पुसला गेला.
साहेबांनी विचारलं, इथला नाला कुठे गेला?
मी म्हटलं, माझ्या हातात आहे.
(नाही म्हटलं. गप्प बसून पुन्हा काढला,
रात्री साडेआठपर्यंत.)

एकानं हात धरला होता, लक्ष्मीनगरात, कॉफीच्या टेबलावर.
मग हळूच पँटला पुसला.
त्याला काय बोलणार,
मी तर दिवसातून शंभरदा तेच करते.

धंतोलीत, दुसऱ्या माळ्यावर,
शर्वरी ढोमणे माझ्या मनगटावर
दोन चिकट पट्ट्या लावतात.
पट्ट्या चिकटत नाहीत.
त्या हसतात, स्पिरिट, कापूस, वरून फीत.
मग डबीचं बटण फिरतं
आणि मुंग्या निघतात मनगटातून अंगठ्याकडे,
अंगठा आपला आपण हलतो,
झोपेत कुणी "हो" म्हणावं तसा.
"काहींना फरक पडतो, काहींना नाही,"
त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला बरं वाटलं.
"नसेला आपण दुसऱ्या कामाला लावतो."
म्हणजे ती हे काम विसरेल?
"विसरणार नाही. जरा दुर्लक्ष करेल."

अकराव्या खेपेला बाबांना घेऊन गेले.
चाळीस वर्षं हत्या ओढून
त्यांची बोटं मुकी झालीत,
तार तुटली तरी कळत नाही,
चहाचा पेला गरम आहे की नाही
तो ओठांना विचारतात.
शेजारच्या खाटेवर तसलीच डबी, तसल्याच वायरी,
मनगटावर जवळपास तीच जागा.
माझ्या नसेला सांगायचं, गप्प राहा.
त्यांच्या नसेला, बोल.
छताकडे बघत बाबा म्हणाले,
"काहून वो मॅडम, एकाच करंटले
दोन्ही गोष्टी कशा समजते?"
शर्वरीताईंनी वीस मिनिटांचं घड्याळ लावलं
आणि उत्तर दिलं नाही.

सतराव्या दिवशी माझा उजवा हात
सकाळपासून कोरडा होता.
इतका, की वर्तमानपत्राचं पान उलटेना,
बोटाला थुंकी लावावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा.
संध्याकाळी बाबांनी ट्रंकेतून
करवतकाठीचा उरलेला हातभर तुकडा काढला.
"ठेव हात."
मी म्हटलं, राहू द्या.
"ठेव म्हणतो ना."

ठेवला. मनात साठपर्यंत मोजलं.
तिसाच्या आसपास तळव्याला काहीतरी सुटलं,
ते मला आधीच कळतं, नेहमीच.
हात उचलला तेव्हा
काठाजवळ एक सावली होती, चिंचोक्याएवढी.
मी तोंड फिरवलं.

बाबांनी तर्जनी ठेवली तिथं.
सरकवली. परत आणली. थांबले.
शेजारच्या कोरड्या जागेवर ठेवून पाहिली,
पुन्हा त्या सावलीवर.
"ओलं हाय," ते म्हणाले.
मग जरा मोठ्यानं, आत्याला ऐकू जाईल असं,
"ओलं हाय इथं!"

माझ्या घामावर इतकं खूश झालेलं माणूस
मी पहिल्यांदाच पाहत होते.